निळ्या शेवेलचं मुकं इंजिन

१

"कुणीतरी माझ्या गाडीचं इंजिन पळवलंय," पुरुषोत्तमकाका टिपणीस म्हणाले, "आणि त्याच्या जागी दुसरंच बसवून ठेवलंय."

मुग्धा वैराळ गॅरेजच्या दारात उभी होती. पुढच्या दाराची बेल तिनं तीनदा वाजवली होती. आत किणकिण होताना ऐकली होती. कुणी येईना, तेव्हा ती बाजूच्या फाटकातून आत आली.

"बेल बिघडलीय," काका म्हणाले. "नवी मागवलीय. तू आधी हिच्याकडे बघ."

ही म्हणजे एकोणीसशे सत्तर सालची शेव्हरले शेवेल. समुद्रतळासारखी गडद निळी, बॉनेटवर दोन रुंद पांढरे पट्टे, काळ्या जाळीत चार गोल दिवे. बॉनेटच्या मागच्या कडेला एक झडप. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडायची आणि गाडी मोठा श्वास घ्यायची. पुढच्या चाकाच्या वर पत्र्यावर बिल्ला होता, एसएस ३९६. बारा वर्षांपूर्वी अमेरिकेहून कंटेनरमधून ती न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आली, तेव्हा वासंतीकाकूंनी रोटोटुना उपनगरातल्या या अंगणात तिला कुंकू लावलं होतं आणि जमलेल्या बायकांसमोर उखाणा घेतला होता:

निळं निळं अंग, त्यावर पांढरे पट्टे दोन,
पुरुषोत्तमांनी सवत आणली, हिला आवरेल कोण?

काकू जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून काकांनी गाडीला चावी लावली नव्हती.

"परवा लावली," ते म्हणाले. "शनिवारी जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेळावा आहे, म्हटलं न्यावी. इंजिन सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. ते माझं नव्हतंच!"

"कशावरून, काका?"

"आवाजावरून! त्या साली हिच्यात इंजिनं निवडून मिळायची. अंग तेच, बिल्ला तोच, स्वभाव वेगळे. साडेतीनशे घोड्यांचं इंजिन होतं. त्याचे टॅपेट, म्हणजे झडपा उघडणारे ते ठोकळे, तेलावर चालायचे, म्हणून मुकं. आणि पावणेचारशेचं. त्याचे टॅपेट निव्वळ पोलादी. ते बोलायचं. गुरगुर खालून आणि वरून बारीक टकटकटकटक. माझं हे बोलकं इंजिन होतं, मुग्धा. वासंती म्हणायची, सवतीनं पैंजण घातलेत. आता नुसती गुरगुर आहे. पैंजण गेले."

"आणि हा नुसता माझा भास नाही बरं का," ते पुढे म्हणाले. "क्लबातल्या श्रीनाथनं हिशोब करून काढलाय. बिल्ला म्हणतो तीनशे शहाण्णव घनइंच, हे इंजिन भरतंय चारशे दोन! छापलेल्या माहितीपत्रकात तीनशे शहाण्णव आहे." सगळं आयुष्य पुलांचे नकाशे तपासण्यात गेलेल्या माणसाला छापलेल्या आकड्यापुढे दुसरा पुरावा लागत नव्हता. "एप्रिलपासून तीन महिने मी पुण्याला होतो. तेव्हा इंजिन कुणी उघडलं? कुशलनं. चावी कुणाकडे होती? कुशलकडे."

"कुशल? जो दर रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो तो?"

"तोच. शनिवारी क्लबसमोर सांगणार आहे मी. सोमवारी पोलिसांत."

मुग्धा हॅमिल्टनच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांची तपासणी करायची. जुनी गाडी रस्त्यावर आणायला इथे दर सहा महिन्यांनी 'वॉरंट' लागतं. ते द्यायचं की नाकारायचं हे तिच्या सहीवर असे. पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर, वय चव्वेचाळीस, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. मुलगा सुयश फेब्रुवारीत शिकायला डुनेडिनला गेला, तेव्हापासून ती वाटीभर भात लावत होती आणि तोही उरत होता. एकटं घर कसं असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"शनिवारपर्यंत कुणाला काही बोलू नका," ती म्हणाली. "चार दिवस द्या मला."

"दिले. तुझं बोलणं तरी नीट असतं, भरदार आवाज आहे. बाकी सगळे हल्ली पुटपुटतात."

ते आपल्या छोट्या कोरोलातून तिला घरी सोडायला निघाले. वळण घेऊन झालं तरी इंडिकेटर टिकटिकत राहिला, तो थेट तिच्या फाटकापर्यंत. उतरताना त्यांनी कोव्हायच्या पिवळ्या झाडाकडे पाहिलं. "यंदा फुलं एवढी आली, पण तूई पक्षी काही आले नाहीत बघ. तेही सोडून गेले."

गाडी वळून गेली. मुग्धा फाटकाशी थांबली. त्याच झाडात वरती एक काळा तूई पक्षी घसा साफ करत, शीळ घालत बसला होता.

२

कुशल मेश्राम रेल्वेलाइनच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. नागपूरचा, चौतीस वर्षांचा. क्लबमधल्या निम्म्या म्हाताऱ्या गाड्या त्याच्याच हाताखालून जायच्या. मुग्धाला पाहून त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हालाही पाठवलं काकांनी, ताई."

"तुला कळलंय?"

"रविवारी जेवायला गेलो ना. दार उघडलं, पानंच वाढली नव्हती. म्हणाले, इंजिन कुठंय? मी हसलो. मला वाटलं गंमत करून राहिले." तो कपड्यानं हात पुसत राहिला. ते आधीच कोरडे होते. "हेड गॅस्केट गेलं होतं, ताई. तेवढंच बदललं. उघडलंच होतं म्हणून सिलिंडर मोजले आणि जॉबशीटवर लिहून दिलं. चोर माप लिहून देतो का?"

"मग हे दुसरं कुणी केलं असेल?"

"काही झालंच नाही तर कोण करेल? दोन वर्षं दर महिन्याला मी जाऊन गाडी सुरू करतो. काका घरातच बसतात, म्हणतात, तूच कर, मला बघवत नाही. सुरू करतो तेव्हा टकटक येते. काल आली असती, उद्याही येईल." तो थांबला. "क्लबात चाळीस माणसं आहेत. या गाडीच्या चाव्या तिघांकडे. पण पहिलं नाव माझंच का आलं, हे नका सांगू मला. मी ओळखतो."

आडनावावरून होणारा हिशोब मुग्धालाही ओळखीचा होता.

"शनिवारी काकांनी तोंड उघडलं, तर एकही माणूस आपली गाडी माझ्याकडे ठेवणार नाही," कुशल म्हणाला. "शेड बंद होईल, ते सोडा. मी ज्याला बापाच्या जागी धरलं, त्यानं..." त्यानं पाना उचलला. मुग्धा शेडबाहेर पडली तेव्हा मागून त्याची हाक आली.

"ताई! काकांना विचारा, गाडी सुरू केली तेव्हा शेजारी कोण होतं?"

"कोण होतं?"

"श्रीनाथ आगटे. आणि त्यांना ती गाडी तीन वर्षांपासून हवी आहे."

३

दुसरी चावी श्रीनाथकडे होती. तो बँकेत सॉफ्टवेअर बघायचा, आठवड्यातून दोनदा ऑकलंडला जायचा, बाकी घरून काम. त्यानं लॅपटॉप उघडून मुग्धासमोर ठेवला.

"हे बघा. कुशलच्याच शीटवर आहे. सिलिंडरची रुंदी चार पूर्णांक एकशे पंचवीस इंच. आत दट्ट्या जातो तीन पूर्णांक शहात्तर. आठ सिलिंडर. गुणा. चारशे दोन येतात! आकडे खोटं बोलत नाहीत, मुग्धा."

"मापं तुम्हाला काकांनी दाखवली?"

"हो, फाइलमध्ये होती. मी आपलं सहज गुणलं." तो जरा खजील झाला. "गाडी मला हवीय, हे खरंय. पण इंजिन चोरून मी काय करू? माझ्या गॅरेजात बायकोची सायकल मावत नाही."

"काकांनी गाडी सुरू केली तेव्हा तुम्ही शेजारी होतात. टकटक आली?"

"मला कुठलं कळतंय? इंजिन म्हणजे धडधड. काका म्हणाले नाही येत, मी म्हटलं नसेल येत. सत्तरीचा माणूस डोळ्यांत पाणी आणून सांगतोय, त्याला काय म्हणू, थांबा, ऐकून बघतो?"

तिसरी चावी काकांच्या मुलाकडे, क्षितिजकडे. तो ऑकलंडमध्ये, न्यू लिनला राहायचा. मुग्धानं फोन लावला, तेव्हा मागे टीव्हीवर कार्टून चाललं होतं.

"चावी ड्रॉवरमध्ये आहे, मी कधी वापरलीच नाही. गाडी विका आणि इकडे या, असं मी सांगून थकलो, ते खरंय. पण मुग्धा, बाबांना आम्ही नकोच आहोत. सिद्धी दर रविवारी फोन करते. सात वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्लिशमध्ये. शाळेत काय झालं ते सांगत बसते. आणि बाबा काहीही ऐकून न घेता मध्येच म्हणतात, 'शाब्बास, छान.' गेल्या महिन्यात तिनं सांगितलं की तिचा ससा मेला. म्हणाले, 'शाब्बास.' ती रडत आत गेली. आता ती फोनला हात लावत नाही."

"आणि काकांचं म्हणणं काय?"

"की सिद्धी त्यांच्याशी बोलतच नाही."

फोन ठेवल्यावर मुग्धा स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. तिघांकडे चाव्या होत्या, तिघांकडे कारण शोधलं तर सापडण्यासारखं होतं, आणि तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं असं तिला वाटत होतं. मग इंजिन कुठे गेलं?

४

गुरुवारी ती हत्यारांची पेटी घेऊन काकांकडे गेली. बेल वाजवण्याच्या भानगडीत न पडता बाजूनंच आत आली. स्वयंपाकघरात फ्रिजचं दार किलकिलं राहिलं होतं आणि तो पीप पीप करून हैराण झाला होता. तीन हात अंतरावर काका शांतपणे पेपर वाचत बसले होते. तिनं जाता जाता दार लावलं.

गॅरेजमध्ये तिनं बॉनेट उघडलं. तीन गोष्टी तिला बघायच्या होत्या.

पहिली, त्या चारशे दोनचा हिशोब. तो तिनं वर्कशॉपमधल्या जुन्या सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये आदल्या दिवशीच सोडवला होता. सत्तर सालच्या या इंजिनाचे पिस्टन कॅटलॉगमध्येच चार पूर्णांक एकशे पंचवीसचे होते. कंपनीनं सिलिंडर किंचित रुंद केले होते, पण तीनशे शहाण्णव हे नाव बाजारात चाललेलं, म्हणून बिल्ला जुनाच ठेवला. माहितीपत्रकानं बिल्ल्यावरचा आकडा छापला. काकांनी माहितीपत्रकावर विश्वास ठेवला, श्रीनाथनं गुणाकारावर. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते. सत्तर सालच्या शेवेलमध्ये चारशे दोन भरणारं इंजिन हेच खरं इंजिन होतं.

दुसरी, इंजिनाच्या पुढच्या कडेवरचा शिक्का. तिनं चिंधीनं तेल पुसलं आणि टॉर्च तिरका धरला. गाडीच्या चॅसी नंबराचे शेवटचे आकडे तिथं कोरलेले होते. जुळत होते.

"शिक्के पाडून मिळतात!" मागून काका म्हणाले. "घासायचं आणि नवा ठोकायचा."

"घासलं असतं तर या रेघा राहिल्या नसत्या." तिनं त्यांचं बोट धरून त्या सपाटीवर फिरवलं. केसांसारख्या बारीक, समांतर रेघा होत्या, कारखान्यातल्या यंत्रानं ओढलेल्या. शिक्का त्यांच्यावर होता आणि त्या अखंड होत्या.

तिसरी गोष्ट टॅपेट. तिनं वरचं झाकण काढलं. तेलावर चालणाऱ्या मुक्या टॅपेटला फट नसते. पोलादी टॅपेटला ठेवावीच लागते आणि त्या फटीतूनच ती टकटक जन्मते. मुग्धानं फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पाती आत सरकवली. पाती अलगद आत गेली. पुढच्या टॅपेटला गेली, त्याच्या पुढच्यालाही.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे तुमचंच इंजिन आहे. पावणेचारशेचं. बोलकं."

"मग बोलत का नाही?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुणी जवळचं माणूस रुसून बसलं की विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

तिनं झाकण घट्ट केलं, आत बसली, चावी फिरवली. गॅरेज गुरगुरलं, कपाटातले डबे थरथरले आणि त्या गुरगुरीच्या वर टकटकटकटक सुरू झाली, बारीक, लखलखीत, एका चालीत. मुग्धाला ती स्पष्ट ऐकू येत होती.

काका बॉनेटशी वाकून उभे होते. त्यांनी मान हलवली.

"बघ. नाहीच."

५

शुक्रवारी संध्याकाळी मुग्धा श्रीनाथला घेऊन आली. काकांनी चहा ठेवला. पाणी उकळून किटली शिट्टी मारत राहिली, शेवटी श्रीनाथनं उठून गॅस बंद केला. मुग्धा टेबलाशी काकांच्या समोर बसली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी.

"चोर सापडला?" त्यांनी विचारलं.

"चोरी झालीय, काका. पण इंजिनाची नाही."

"म्हणजे?"

"तुमची बेल वाजते. मी तीनदा ऐकली. फ्रिज वाजतो, किटली आत्ता वाजली. इंडिकेटर माझ्या घरापर्यंत वाजत होता. माझ्या गल्लीतल्या कोव्हायवर तूई रोज गातो. या सगळ्यांत एक सारखी गोष्ट आहे. सगळे आवाज बारीक, वरच्या पट्टीतले. आणि माझा आवाज तुम्हाला नीट ऐकू येतो, कारण तो जाड आहे. सुयश लहानपणी म्हणायचा, आई, तू फोनवर बाबासारखी वाटतेस." ती थांबली. "गुरगुर तुम्हाला ऐकू येते. टकटक येत नाही. ती कुणी नेली नाही. तुमच्या कानांपर्यंत पोचत नाहीये."

काकांच्या कपाळावरची शीर तटतटली. "म्हणजे मी बहिरा आहे, असं म्हणायचंय तुला? अगं, दोन वर्षांपूर्वी मला..."

"दोन वर्षांपूर्वी येत होती. नंतर तुम्ही चावीच लावली नाहीत. हे हळूहळू जातं, काका. शेजारी माणूस असलं की त्याच्या लक्षात येतं. दूध उतू जातंय, फोन वाजतोय, असं कुणीतरी सांगतं. तुमच्या घरात ते सांगणारं माणूसच राहिलं नाही."

काका जरबेनं म्हणाले, "सिद्ध करून दाखव."

श्रीनाथनं लॅपटॉप उघडला. काल मुग्धानं फोनवर इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. "मी फक्त एवढंच केलंय," तो ओशाळून म्हणाला, "आवाज आठपट संथ केलाय. संथ केला की तो जाडही होतो. बाकी काही घातलं नाही, काढलं नाही."

त्यानं बटण दाबलं. स्पीकरमधून लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज आला. टक. टक. टक. टक.

काकांचा हात टेबलावर थांबला. ओठ हलू लागले, आवाजाच्या चालीत. डोळे मिटले. श्रीनाथ बंद करायला गेला, तर त्यांनी हातानंच थांबवलं. सगळं रेकॉर्डिंग संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

"तिचंच आहे," शेवटी ते म्हणाले. आणि मग डोळे उघडून, घाबरल्यासारखं, "मुग्धा, सिद्धीचा आवाज कसा आहे गं?"

"बारीक आहे, काका. सात वर्षांच्या मुलीचा असतो तसा."

"काय सांगते ती मला?"

मुग्धानं सशाचं सांगितलं. काका उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. पलीकडच्या घरात कुणीतरी ट्रँपोलिनवर उड्या मारत होतं. मूल वर येत होतं, कुंपणाआड जात होतं, पुन्हा वर येत होतं, तोंड उघडं, ओरडत असणार.

"उद्या क्लबला जायलाच हवं का?" त्यांनी न वळता विचारलं. "कुशलला मी फोन करतो. आपसात मिटवू."

"तुम्ही रविवारी त्याला दारातून परत पाठवलंत. श्रीनाथनाही तेच सांगितलंत. श्रीनाथनी कुणाकुणाला सांगितलंय?"

श्रीनाथनं मान खाली घातली. "क्लबच्या ग्रुपवर टाकलं होतं. नाव नव्हतं टाकलं. पण... कळतंच ना."

"मग ते आपसात राहिलेलं नाही," मुग्धा म्हणाली.

ती निघाली, तेव्हाही काका खिडकीपाशीच होते.

६

शनिवारी हॅमिल्टनबाहेरच्या मैदानात गाड्या रांगेनं उभ्या होत्या. बॉनेट उघडी, लोक हातात खिमा पॅटिस आणि कॉफी घेऊन फिरत होते. ऊन होतं, वारा मात्र बोचरा. काकांची गाडी येते की नाही, हे मुग्धाला माहीत नव्हतं. साडेदहापर्यंत आली नाही. कुशल आला होता. लांब, कुंपणापाशी, खिशात हात घालून. रोज त्याच्याकडे गाड्या देणारी माणसं त्याला "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून पुढे सरकत होती, थांबत कुणी नव्हतं.

पावणेअकराला निळी शेवेल फाटकातून आत आली. लोक वळले. काकांनी ती रांगेत न लावता मधोमध थांबवली, उतरले, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालूच ठेवलं.

"ऐका!" ते म्हणाले. म्हणाले कसले, ओरडले. आपला आवाज किती मोठा आहे हे ज्याला कळत नाही, तसं. पार टोकाला पॅटिस विकणारी बाईसुद्धा दचकून बघू लागली. आधी इंग्लिशमध्ये सांगितलं, मग मराठीत, तेच वाक्य. "माझं इंजिन बदललेलं नाही. मी चुकलो. कुशल मेश्रामनं यातला स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून मी एका सरळ माणसाला चोर म्हटलं. ते सगळ्यांपर्यंत पोचलं, म्हणून सगळ्यांसमोर परत घेतो."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला आणि खाली केला. श्रीनाथ आपल्या बुटांकडे बघत होता.

कुशल हलला नाही. मुग्धाला वाटलं, हा आता फाटकातून निघून जाणार, आणि गेला तर त्याला कुणी बोल लावू नये. काकाही तेच समजले असावेत. त्यांनी बॉनेटच्या कडेला हात टेकला, आधार घेतल्यासारखा. माणसं पुन्हा आपापल्या गाड्यांकडे वळू लागली.

मग कुशल चालत आला. घाई नव्हती, खिशातले हात बाहेर काढले नव्हते. काकांच्या समोर येऊन उभा राहिला, इंजिनाकडे बघत, आणि काहीतरी बोलला. अगदी थोडं. दोनचार शब्द असतील. वाऱ्यात ते मुग्धापर्यंत पोचले नाहीत.

काकांनी मान डोलावली. "शाब्बास" म्हणायला ओठ उघडले. मग ओठ तसेच राहिले. त्यांनी मान डोलावणं थांबवलं, एक पाऊल पुढे झाले आणि म्हणाले,

"नाही ऐकू आलं रे. परत सांग."

कुशलनं वर पाहिलं. खिशातून एक हात काढून काकांच्या खांद्यावर ठेवला, वाकला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन परत सांगितलं.